जनावरांच्या कातडीची घडण व झीज-भरपाई : आनुवंशिकतेचे कार्य

कातडी हे जनावराच्या शरीराचे सर्वांत मोठे इंद्रिय असूनही तिच्याकडे पशुपालकाचे लक्ष बहुधा ती बिघडल्यावरच जाते. बैलाचा खांदा फुटला, गाईच्या सडाला भेग पडली, वासराच्या अंगावरचे केस झडू लागले, म्हणजे मग विचारणा सुरू होते. त्यातही गावोगावच्या सभांतून एक प्रश्न हमखास पुढे येतो : हा दोष रक्तातून आलेला आहे, की वरून लागलेला आहे? हा प्रश्न अगदी योग्य आहे व त्याच्या उत्तरावर पुढील सारा व्यवहार अवलंबून असतो. दोष वरून लागलेला असेल तर औषधोपचार व गोठ्याची स्वच्छता पाहिजे. चाऱ्यातील उणिवेचा असेल तर खुराक सुधारला पाहिजे. आणि आनुवंशिक असेल तर वळू बदलला पाहिजे. उत्तर चुकले म्हणजे एखादी चांगली कालवड मातीमोल विकली जाते, अथवा याच्या उलट, सदोष वळू गावात वर्षानुवर्षे वापरला जातो व त्याची फळे पुढील पिढ्या भोगतात. म्हणून कातडी कशी घडते आणि तिची रोजची झीज कशी भरून निघते, हे प्रथम समजून घेणे इष्ट होय.

कातडीचे दोन मुख्य भाग असतात. वरचा पातळ भाग तो बाह्यत्वचा व तिच्याखालील जाड, चिवट भाग तो अंतस्त्वचा. चांभार ज्याचे चामडे कमावतो तो भाग म्हणजे ही अंतस्त्वचा. तिच्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू दोर विणल्याप्रमाणे एकमेकांत गुंतलेले असतात. रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी व केसांची मुळे याच भागात असतात. बाह्यत्वचेत मात्र रक्तवाहिनी नसते. ती केवळ एकावर एक रचलेल्या पेशींच्या थरांची बनलेली असते. यांपैकी सर्वांत खालचा थर तेवढाच नवीन पेशी निर्माण करू शकतो. या तळच्या थरातील पेशी दुभंगते, तिच्या दोन पेशी होतात. त्यांतील एक सामान्यतः जागेवरच राहून वंश चालविते व दुसरी वर सरकू लागते. वर सरकताना ती चपटी होते, तिच्यात केराटिन नावाचे शिंगासारखे कठीण प्रथिन साठत जाते, शेवटी तिचे केंद्रक नाहीसे होते आणि पृष्ठभागावर येईपर्यंत ती मरून एक कोरडा पापुद्रा तेवढा उरतो. बैलाला खरारा करताना जो कोंडा निघतो, तो या पापुद्र्यांचाच होय. माणसाच्या कातडीत तळापासून पृष्ठभागापर्यंतच्या या प्रवासाला सुमारे एक ते दीड महिना लागतो. जे झडते तेवढेच नवे तयार व्हावे, हा यातील हिशेब आहे. हिशेब बिघडून उत्पत्ती कमी पडली तर कातडी विरळ होते व सहज सोलली जाते. पेशी पुऱ्या पक्व होण्यापूर्वीच वर ढकलल्या गेल्या तर खपल्या व पापुद्रे साचतात.

शिंग, खूर, केस, लोकर व पक्ष्यांची पिसे ही सर्व याच बाह्यत्वचेची रूपांतरे आहेत. लहान वासराचे शिंग डागताना शिंगाच्या कळीभोवतीची कातडीची कड पूर्ण डागावी लागते, त्याचे कारण हेच. कळीचे टोक जाळले व कडेच्या तळथरातील पेशी जिवंत राहिल्या, तर वाकडेतिकडे खुंट फुटतात. (हे काम पशुवैद्यकाकडून, जागा बधिर करून व वासरू दोन आठवड्यांचे होण्यापूर्वी करून घ्यावे.)

आता हा हिशेब कोण ठेवतो, ते पाहू. शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. गाईच्या पेशीत ती ६० व आपल्या म्हशीच्या पेशीत ५० असतात. या सूत्रांवर जनुके असतात. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवावे याविषयी लिहून ठेवलेला आदेश असे समजावे. २००९ मध्ये गाईच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात निदान २२,००० जनुके असल्याचे आढळून आले. हा सारा संच यकृताच्या पेशीत असतो तसाच कातडीच्या पेशीतही असतो. मग यकृत हे यकृत व कातडी ही कातडी कशी होते? तर प्रत्येक पेशीत काही थोडी जनुके चालू असतात व बाकीची बंद असतात. कालव्यावरील शेतकऱ्यास हे समजावयास कठीण नाही. पाणी एकाच कालव्याचे असते. कोणत्या चारीचे दार कधी उघडावयाचे, एवढ्यावरच कोणते शेत भिजेल ते ठरते.

कातडीच्या बाबतीत मुख्य दार उघडणारे एक जनुक शास्त्रज्ञांना सापडलेले आहे. त्यास पी-६३ असे नाव आहे. हे जनुक जे प्रथिन बनविते, ते स्वतः कातडीच्या बांधणीस लागत नाही. ते दुसऱ्या अनेक जनुकांना चालू अथवा बंद करते. १९९९ मध्ये प्रयोगशाळेत हे जनुक निकामी केलेले उंदीर जन्मास घालण्यात आले. त्यांच्या अंगावर बाह्यत्वचा तयारच झाली नव्हती. पायही अर्धवट राहिले होते. उघड्या अंगातून पाणी निघून जाऊन ती पिल्ले जन्मल्यानंतर लवकरच मेली. पाणी आत राखणे हे कातडीचे किती मोठे काम आहे, हेही या प्रयोगावरून दिसून येते. पी-६३ च्या आदेशाने तळच्या पेशींत केराटिनाच्या दोन विशिष्ट जाती, पाचवी व चौदावी, तयार होतात. पेशी वर सरकू लागली की ही दोन जनुके मंदावतात व पहिल्या आणि दहाव्या जातीचे केराटिन बनविणारी जनुके चालू होतात. तळच्या पेशीला आपली पकड सोडून वर जाण्याचा इशारा शेजारच्या पेशींकडून मिळतो. म्हणजे येथे कोणी एक मुकादम नसून शेजाऱ्यांचा एकमेकांवर पहारा आहे, असे म्हटले तरी चालेल.

ही व्यवस्था केवळ गर्भातच काम करते असे नव्हे. जू वाहणाऱ्या बैलाच्या मानेचे उदाहरण घ्या. मानेवर रोज दाब व घर्षण पडले की तळथराच्या वरच्या थरांतील पेशींत एरवी जवळजवळ बंद असलेली केराटिनाची सहाव्या व सोळाव्या जातीची जनुके चालू होतात, तळच्या पेशी अधिक वेगाने दुभंगतात व तेथील कातडी जाड होऊन घट्टा पडतो. घट्टा हा रोग नव्हे, ते संरक्षण आहे. मात्र ही तयारी होण्यास काही आठवडे लागतात. नवा गोऱ्हा एकदम दिवसभर नांगराला जुंपला, तर घट्टा तयार होण्यापूर्वीच वरचे थर घासून निघतात, खांदा सुजतो व फुटतो. म्हणून पहिल्या दिवशी तास-दीड तास हलके काम द्यावे व दोन-तीन आठवड्यांत ते हळूहळू वाढवावे. जुवाचा मानेवर टेकणारा भाग गुळगुळीत व पुरेसा रुंद असावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण बैलाच्या खांद्याला तूप अथवा लोणी व हळद चोळतो. ही रीत फार चांगली आहे. पण वर्षातून एका संध्याकाळी केलेल्या मालिशीने वर्षभराचे घर्षण भरून येणार नाही. नांगरणीच्या दिवसांत रोज सायंकाळी जू उतरविल्यावर मान कोमट पाण्याने पुसून कोरडी करणे, हे अधिक उपयोगाचे आहे.

खांदा फुटलाच, तर जखम कशी भरते तेही पाहण्यासारखे आहे. जखमेच्या कडेच्या तळथरातील पेशी आणि जखमेत शिल्लक राहिलेल्या केसांच्या मुळांतील पेशी आपली जागा सोडून उघड्या भागावर पसरू लागतात. केसांच्या मुळाशी काही मूळ पेशी राखीव बीजासारख्या असतात. एरवी त्या केस निर्माण करतात, परंतु गरज पडली म्हणजे कातडीही निर्माण करतात. म्हणूनच वरवरची जखम मध्येमध्ये बेटे उमटून लवकर भरते. केसांची मुळेच खरवडून गेली, तर जखम केवळ कडेने आत भरत येते व शेवटी केस नसलेला वण राहतो. पुष्कळ बैलांच्या खांद्यावर जुन्या जखमेच्या जागी पांढरे केस दिसतात. तेथे केसाचे मूळ वाचलेले असते, पण केसाला रंग देणाऱ्या पेशी मेलेल्या असतात. हे पांढरे ठिपके वासरात उतरत नाहीत. कारण कातडीच्या पेशीत काहीही घडले तरी ते बीजाच्या पेशीपर्यंत पोहोचत नाही. बाजारात अशा बैलाची किंमत पाडून मागतात, त्याचा विचार कामाच्या दृष्टीने करावा, पैदाशीच्या दृष्टीने नव्हे.

कडेने सरकणाऱ्या या कोवळ्या पेशी फार नाजूक असतात. जखमेवर रॉकेल, जळके इंजिन तेल किंवा कढत तेल ओतण्याची जी चाल काही भागांत आहे, तिने जंतूंबरोबर याही पेशी मरतात व जखम रेंगाळते. उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ घालून त्याने जखम धुवावी, माशी बसू देऊ नये, आणि आसडी पडली असल्यास वेळ न घालविता पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. खपली ओढून काढू नये. तिच्याखाली नवा थर पसरत असतो.

येथपर्यंत निरोगी व्यवस्थेचे वर्णन झाले. जनुकातील आदेशाचे एखादे अक्षर बदलले, म्हणजे काय होते हे पुढील उदाहरणांवरून कळून येईल. बेल्जममध्ये १९६७ साली अशी वासरे वर्णिली गेली की, ज्यांची कातडी ओल्या कागदाप्रमाणे फाटत असे. कोलॅजेनाचे तंतू विणले जाण्यापूर्वी त्यांची टोके छाटणारे एक विकर असते. त्याचे जनुक या वासरांत निकामी होते. टोके न छाटल्यामुळे दोर नीट वळला जात नसे. न्यूझीलंडमधील एक उदाहरण याहून बोधप्रद आहे व ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे फ्रीजियन-जर्सी संकर वळूच्या काही वासरांची कातडी नुसत्या घर्षणाने सुटून येत असे. दोष केराटिनाच्या पाचव्या जातीच्या जनुकात होता. म्हणजे तळच्या पेशीचा सांगाडाच कच्चा होता. जनुकांच्या जोडीतील एकच प्रत सदोष असली तरी हा दोष प्रकट होतो. मग तो वळू स्वतः धडधाकट कसा? शोध घेता असे आढळले की, त्याच्या शरीरातील काही थोड्याच पेशींत हा बदल झालेला होता. त्यांत बीज निर्माण करणाऱ्या पेशी होत्या. वळू पाहून वळू निवडावा हे खरे असले, तरी त्याची वासरे पाहिल्याखेरीज निवड पुरी होत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या शेतकरी बंधूंच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा दोष जस्ताशी संबंधित आहे. डेन्मार्कमधील काळ्या-बांड्या गाईंत तो प्रथम नीट अभ्यासिला गेला व युरोपातील फ्रीजियन वंशाच्या इतर गुरांतही आढळला. वासरू जन्मतः अगदी चांगले असते. चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याला हगवण लागते, तोंडाभोवती, डोळ्यांभोवती व पायांच्या सांध्यांवर जाड खपल्या धरतात, केस झडतात, वाढ खुंटते, आणि उपचार न झाल्यास काही महिन्यांत ते दगावते. आतड्यातून जस्त शोषून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक यात सदोष असते. कातडीचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. जनुकांना चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांपैकी पुष्कळांच्या घडणीत जस्ताचा अणू हा खिळ्यासारखा बसविलेला असतो. खिळा नसेल तर प्रथिनाचा आकार टिकत नाही व आदेश वाचला जात नाही. जेथे पेशी सर्वांत वेगाने दुभंगतात, म्हणजे कातडीत व आतड्याच्या अस्तरात, तेथे ही उणीव प्रथम दिसते. वाचकांस नवल वाटेल, पण अशा वासरास तोंडाने भरपूर जस्त दिले म्हणजे खपल्या गळून ते सुधारते; मात्र ते देणे बंद केले की रोग उलटतो. जनुक दुरुस्त होत नाही, केवळ त्याच्या उणिवेवर मात होते. असे वासरू जगले तरी त्याचा पैदाशीसाठी उपयोग करू नये.

परंतु खपल्या धरलेले प्रत्येक वासरू या रोगाचे आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. चाऱ्यातच जस्त कमी असले तरी हुबेहूब तशीच कातडी होते. राज्यातील पुष्कळ जमिनींत जस्ताची उणीव मातीपरीक्षणात आढळते. पिकासाठी झिंक सल्फेट वापरणाऱ्या शेतकऱ्याने त्याच जमिनीतील कडबा खाणाऱ्या गुरांचाही विचार करावा. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रण चालू केल्यावर गोठ्यातील सर्वच जनावरे सुधारली आणि बंद केल्यावर लगेच बिघडली नाहीत, तर दोष चाऱ्याचा होता. एकाच वळूची वासरे तेवढी आजारी पडत असतील व बाकीची ठणठणीत असतील, तर संशय वळूवर घ्यावा. जीवनसत्त्व अ याचेही असेच आहे. ते शरीरात गेल्यावर त्यापासून बनलेले द्रव्य थेट जनुकांपर्यंत पोहोचून बाह्यत्वचेच्या पक्वतेचे नियमन करते. उन्हाळ्यात केवळ वाळल्या कडब्यावर राहिलेल्या गुरांची कातडी खरबरीत होते, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असते. थोडीशी लसूणघास किंवा कोणतीही हिरवी वैरण मिळाली तर ही उणीव भरून निघते. सुबाभळीचा पाला मात्र बेताने द्यावा, एकूण वैरणीच्या एक तृतीयांशाहून अधिक नको. त्यातील मिमोसीन हे द्रव्य केसांच्या मुळाशी होणारे पेशींचे विभाजन थांबविते व केस गळतात.

आनुवंशिकता व परिस्थिती यांची सांगड कशी पडते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण घाणेरीच्या झुडपाचे आहे. चारा टंचाईच्या काळात गुरे घाणेरी, म्हणजेच टणटणी, खातात. तिच्या विषाने यकृत बिघडते. हिरव्या पाल्यापासून पोटात तयार होणारे एक रंगद्रव्य, जे एरवी यकृत बाहेर टाकते, ते रक्तात साचते व कातडीत येते. त्यावर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते. संकरित होल्स्टिन गाईच्या अंगावर याचा परिणाम पाहिला, तर पांढऱ्या पट्ट्यांची कातडी सोलून निघते व शेजारच्या काळ्या पट्ट्यांना काहीच होत नाही! विष सगळीकडे सारखेच पोहोचलेले असते. फरक असतो तो कातडीतील काळ्या रंगद्रव्याचा, आणि ते कोठे असावे व कोठे नसावे हे जनुकांनी गर्भातच ठरविलेले असते. पांढऱ्या केसांच्या अनेक देशी जनावरांची कातडी केसांखाली काळसर असते. आपल्या उन्हात हा गुण मोलाचा आहे. अशी भाजलेली गाय प्रथम सावलीत, शक्यतो अंधाऱ्या गोठ्यात बांधावी व नंतर पशुवैद्यकास बोलवावे. वेलाचे अथवा दृष्टीचे उपाय करीत तिला अंगणात उन्हात ठेवणे घातक होय.

कडकनाथ कोंबडीत याच्या उलट प्रकार दिसतो. तिच्यात रंगपेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या एका जनुकाच्या भागाची जादा प्रत आलेली आहे. त्यामुळे गर्भावस्थेत रंगपेशी बेसुमार वाढून कातडीबरोबर मांस व हाडांवरील आवरणापर्यंत पसरतात. तिचे मांस काळे दिसते ते औषधी द्रव्यामुळे नव्हे, तर या रंगपेशींमुळे. वेस्ट इंडीज बेटांवरील सेनेपोल जातीच्या गाईंत तर २०१४ मध्ये ओळखल्या गेलेल्या एका जनुकबदलामुळे केस आखूड व तुळतुळीत होतात आणि गाय ऊन अधिक सोसते. हा गुण संकराने होल्स्टिन गाईंत आणण्यात आला आहे. इकडे आपल्या इगतपुरी व अकोले भागातील डांगी जनावराची कातडी तेलकट स्राव सोडते व घाटाखालच्या-वरच्या मुसळधार पावसातही ते काम करते. हा गुण पिढ्यानपिढ्या उतरत आला आहे. अधिक दुधाच्या आशेने त्या पावसात सरसकट संकर करण्यापूर्वी शेतकऱ्याने या कातडीची किंमतही हिशेबात धरावी, असे आमचे मत आहे.

आता वळूविषयी. कातडीचे बरेचसे आनुवंशिक दोष अप्रभावी असतात. म्हणजे आई व बाप दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच वासरू आजारी पडते. एकच प्रत असलेले जनावर दिसण्यात निर्दोष पण वाहक असते. दोन वाहकांचा संयोग झाला, तर सरासरीने चारांत एक वासरू रोगी निपजते. समजा, गावातील वळू वाहक आहे व गाई निर्दोष आहेत. पहिल्या पिढीत एकही रोगी वासरू दिसणार नाही, पण त्याच्या निम्म्या कालवडी वाहक असतील. त्या माजावर आल्यावर त्यांना तोच वळू दाखविला, तर सरासरीने आठांत एक वासरू रोगी निघेल. तोवर वळूला तीन-चार वर्षे झालेली असतात, त्याची ख्याती पसरलेली असते, आणि दोष मात्र कालवडीला किंवा तिच्या धन्याच्या नशिबाला दिला जातो. म्हणून वळूच्या पहिल्या कालवडी माजावर येण्यापूर्वी तो दूरच्या गावच्या वळूशी बदलावा. शेळ्या-मेंढ्या लवकर वयात येतात. त्यांच्या कळपातील बोकड अथवा नर मेंढा याहून लवकर बदलावा लागतो. कृत्रिम रेतनाच्या बाबतीत कांडीवरील वळूचा क्रमांक लिहून ठेवावा व कालवडीला तिच्या बापाचीच कांडी भरली जात नाही ना, हे पाहावे. रेतन केंद्रांतील वळूंची काही ठरावीक आनुवंशिक रोगांसाठी तपासणी केली जाते. परंतु त्यामुळे कातडीचा प्रत्येक दोष टळेल, असे समजू नये.

ग्रामसेवकाने चौकशीस गेल्यावर प्रथम साथ आहे का ते पाहावे. २०२२ मध्ये राज्यभर लम्पीची साथ आली, तेव्हा अंगावर गाठी उठलेल्या जनावरांना 'जातीचाच दोष' म्हणून वेगळे न बांधणारे काही गोठे होते. तो विषाणूचा रोग असून डास, माश्या व गोचिडांमार्फत पसरतो. खाज असेल तर खरूज, व केस गळून गोल चट्टे पडले असतील तर गजकर्ण, यांचा विचार आधी करावा. ही दोन्ही संसर्गजन्य आहेत व गजकर्ण माणसालाही लागते. यांपैकी काहीच नसेल, वासरू जन्मतःच अथवा पहिल्या दोन महिन्यांत बिघडले असेल आणि त्याच वळूची दुसरीही वासरे तशी असतील, तर पुढील माहिती लिहून पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी : वासराची जन्मतारीख, दोष प्रथम दिसल्याचा दिवस, नर की मादी, आईचा बिल्ला क्रमांक, वळूचा अथवा कांडीचा क्रमांक, आणि त्या वळूची गावातील एकूण वासरे किती व त्यांतील रोगी किती. निरोगी वासरांची संख्या लिहावयास विसरू नये. तिच्यावाचून प्रमाण निघत नाही. जनुक तपासणीसाठी नमुना मागविला गेल्यास शेपटीच्या गोंड्यातील वीस-तीस केस मुळासकट उपटावेत, कापू नयेत, कारण तपासणीस लागणाऱ्या पेशी केसाच्या मुळाशीच असतात. ते केस कोरड्या कागदी पाकिटात घालून त्यावर बिल्ला क्रमांक घालावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा धरून नमुना कुजतो. एका जनावराचे केस काढून झाल्यावर हात पुसून मगच दुसऱ्याला हात लावावा, व वासरू, आई आणि शक्य असल्यास वळू, अशा तिघांचे नमुने निरनिराळ्या पाकिटांत एकाच वेळी पाठवावेत.